दारू पिऊन गाडी चालवली, दंड भरला. पुढे काय?

साताऱ्याच्या कोर्टात 'ड्रिंक अँड ड्राइव्ह'ची केस घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, किती बसतील?" त्याच्याबरोबर आलेल्या बायकोचा किंवा आईचा प्रश्न वेगळा असतो. तो चहा प्यायला गेला की ती विचारते: "जज्जसाहेबांना सांगून ह्यांची दारू सोडवता येईल का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत होतं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून हा लेख.

आधी पहिला प्रश्न उरकू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखा हा दंड मोबाईलवर भरून विषय मिटत नाही. तडजोडीने मिटवायच्या गुन्ह्यांत हे कलम नाही, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं. गुन्हा शाबीत झाला की कलम २० प्रमाणे कोर्टाने किमान ६ महिने त्याला लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं असतं. पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं तर तिथली कारवाई वेगळी. आरटीओ म्हणणं ऐकून पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी लायसन्स निलंबित करू शकतं, दुसऱ्या वेळी रद्दच.

आता ३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे एकदा नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ६० मिलीचा एक लार्ज पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी भरभर घेतला तर तेवढ्यानेच मर्यादा ओलांडली जाऊ शकते. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, आठ टक्क्यांची असेल तर, जवळपास दोन लार्ज पेगांएवढी भरते. "बिअरच घेतली ओ, दारू नाही" हे वाक्य मशीनपुढे चालत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ६० ग्रॅम अल्कोहोल. ढोबळ हिशेबाने रक्तातलं प्रमाण सव्वाशेच्या आसपास चढतं आणि तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. रात्री अकरापर्यंत क्वार्टर संपवून झोपलेला माणूस पहाटे पाचला दुधाच्या गाडीवर बसतो तेव्हा तो अजून मर्यादेच्या वर असू शकतो. झोप, आंघोळ, लिंबूपाणी, कडक कॉफी यांनी हा वेग वाढत नाही. लिव्हरला घाई करता येत नाही.

आता दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. दोन्ही मी रचलेली आहेत, पण अशी माणसं रोज कोर्टात दिसतात.

पहिला चोवीस वर्षांचा, एमआयडीसीत नोकरीला. थर्टी फर्स्टला मित्रांबरोबर कासच्या बाजूला गेला, तीन बिअर झाल्या, उतरताना नाकाबंदीत सापडला. एरवी महिन्यातून एखादवेळ घेतो. दुसरा पंचेचाळीसचा, गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. तो सकाळी नऊला सापडला. आदल्या रात्रीची होती की सकाळची, हे त्यालाही धड सांगता येत नाही. कलम तेच, दंड तोच. पहिल्याचे वडील शिव्या देत १०,००० भरतात आणि पोरगा पुढची दोन वर्षं तरी पिऊन गाडीला हात लावत नाही. दुसऱ्याचे १०,००० बायको बचत गटातून उचलते, हप्ते ती फेडते, आणि नवरा संध्याकाळी टेन्शन आलं म्हणून आणखी एक निप मारतो. दंडाची जरब खिशावर बसते असं आपण धरून चालतो, पण खिसा कुणाचा हे कुणी विचारत नाही.

काही देशांत कोर्ट दंडाबरोबर दारूबद्दलचं शिक्षण आणि उपचारही घ्यायला लावतं. ही सगळी पद्धत एवढ्याशा फरकावर उभी आहे. समोर उभा असलेला माणूस पहिला की दुसरा, हे आधी ओळखायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं.

बाहेर हे कसं चालतं

अमेरिकेत याची सुरुवात ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात १९६६ मध्ये झाली. पिऊन सापडलेल्या ड्रायव्हरांना कोर्टाने दंडाबरोबर वर्गात बसवायला सुरुवात केली. कल्पना साधी होती: याला माहीतच नसेल की दोन पेगांनी काय होतं, तर सांगू या. आज तिथल्या बहुतेक राज्यांत असे वर्ग आहेत आणि गुन्ह्याच्या वजनाप्रमाणे त्यांची लांबी ठरते. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडलेल्याला साधारण तीन महिन्यांचा कार्यक्रम, रक्तातलं प्रमाण फारच जास्त असेल तर नऊ महिन्यांचा, आणि पुन्हा सापडलेल्याला दीड वर्षाचा. पैसे त्यानेच भरायचे. वर्ग बुडवले तर लायसन्स परत नाही.

ब्रिटनमध्ये जरा आमिष दाखवतात. किमान वर्षभर लायसन्स गेलेल्याला कोर्ट विचारतं, कोर्स करणार का? केला तर बंदी पाव हिश्श्यापर्यंत कमी होते. जर्मनीत ज्याचं प्रमाण हजारी १.६ च्या वर, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पाचपट, त्याला वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी पार केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. पिण्याची सवय खरोखर बदलली आहे हे तिथे तज्ज्ञाला पटवून द्यावं लागतं. लोक या परीक्षेला 'मूर्खांची परीक्षा' म्हणून हिणवतात आणि तिच्या तयारीसाठी शिकवण्याही लावतात.

याचा उपयोग किती? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा २१५ मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास केला. निष्कर्ष असा की अशा कार्यक्रमांनी पुन्हा सापडण्याचं प्रमाण सरासरी सात ते नऊ टक्क्यांनी कमी होतं. आकडा ऐकून कुणी नाक मुरडेल. मलाही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा किरकोळ वाटला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: नुसतं व्याख्यान, नुसतं समुपदेशन किंवा नुसती देखरेख यांपेक्षा तिन्ही एकत्र दिलेले कार्यक्रम जास्त टिकले. दारूवर ज्याचा ताबाच उरलेला नाही त्याला "दारू वाईट" हे सांगून काही हाती लागत नाही. ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

माझ्या मते सगळ्यात विचार करण्याजोगा प्रयोग अमेरिकेतल्याच साउथ डकोटा राज्यातला आहे. शेतीचं, विरळ वस्तीचं राज्य. तिथे २००५ मध्ये एक योजना सुरू झाली. वारंवार पिऊन गाडी चालवणाऱ्याला कोर्ट सांगतं, गाडी चालव, कामावर जा, घरी राहा, पण रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी पोलिस ठाण्यात येऊन मशीनमध्ये फुंक. दारू आढळली तर त्याच क्षणी एक-दोन दिवस आत. सहा महिन्यांनी तारीख नाही, वकील नाही, तहकुबी नाही. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये याचा अभ्यास छापला. ज्या तालुकावजा भागांत योजना लागू झाली तिथे पिऊन गाडी चालवल्याच्या पुन्हा होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी कमी झाल्या आणि घरगुती हिंसेच्या अटका ९ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा रस्त्यावरचा नाही, घरातला आहे. कोर्टाबाहेर प्रश्न विचारणाऱ्या बायकांना तो न सांगताही कळेल.

यातून मी घेतो ते इतकंच: शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती लगेच आणि हमखास होणं जास्त कामाचं असतं. आपल्याकडे नेमकं उलट आहे. कायद्यात कैद २ वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्षात तारखांवर तारखा.

गाडीच्या इग्निशनला जोडलेलं फुंकण्याचं यंत्रही अमेरिकेत सर्रास लावतात. फुंकल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. ते लावलेलं असेपर्यंत गुन्हे सुमारे दोन तृतीयांशाने घटतात, काढलं की माणूस बहुतांशी पूर्वपदावर. आपल्याकडे ट्रॅक्टर मालकाचा, ड्रायव्हर रोजंदारीवर, आणि किल्ली नसेल तर वायर जोडून चालू करणारी मंडळी. तेव्हा हा उपाय तूर्त सोडून देऊ.

दहा प्रश्न

पहिला की दुसरा, हे ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून नाही, कपड्यांवरून तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे, तिला 'ऑडिट' म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठ किंवा जास्त गुण झाले की पिणं धोक्याचं. वीस किंवा जास्त झाले की माणूस दारूच्या ताब्यात गेला असण्याची दाट शक्यता, त्याला तज्ज्ञाकडे पाठवायचं. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का, दुसऱ्या दिवशी अपराधी वाटतं का, रात्रीचं आठवत नाही असं होतं का, पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्याला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करा म्हणून सांगितलं का, असे ते प्रश्न.

कागदावर ते कोरडे वाटतात. समुपदेशकाच्या टेबलाशी ते कसे होतात, ते बघा. आपला ट्रॅक्टरवाला खुर्चीच्या काठावर बसलाय, बायको दाराशी.

"दादा, आठवड्यातनं किती वेळा होते?"

"रोज कुठं वो मॅडम. कवातरी."

"कवातरी म्हंजे," बायको दारातूनच, "न घेतल्याला दिस कवातरी."

"बरं. बसल्यावर किती होते?"

"येक क्वाटर."

"आणि ती संपल्यावर?"

तो काही बोलत नाही. मॅडम वहीत काही लिहीत नाहीत, नुसत्या थांबतात.

"मग हाय ती आणायची, दुसरं काय," तो म्हणतो.

"सकाळी हात थरथरतात?"

"स्टेरिंग धरून धरून तसं झालंय ते."

"आन घोटभर पोटात गेल्याव थांबतंय, ते सांगा की मॅडमास्नी."

वही तेव्हा उघडते. 'स्टेरिंग धरून' हात थरथरले असते तर ते दारूने थांबले नसते. सकाळची थरथर आणि घोटाने पडणारा आराम ही अवलंबित्वाची खूण आहे. या माणसाला तीन तासांचं व्याख्यान देऊन घरी पाठवणं हा कोर्टाचाही वेळ वाया आणि त्याचाही. एमआयडीसीतला पोरगा याच दहा प्रश्नांत चार-पाच गुणांवर थांबेल. त्याला ३० मिलिग्रॅमचा हिशेब नीट समजावला आणि अपघातात मुलगा गमावलेल्या एखाद्या बापासमोर तासभर बसवलं की पुरे. अमेरिकेत अशा बैठका रीतसर घेतात. तिथे बळी गेलेल्यांचे नातेवाईक बोलतात, गुन्हेगार फक्त ऐकतात, प्रश्नोत्तरं होत नाहीत.

'इच्छा नसेल तर उपयोग काय?'

हे वाक्य आपल्याकडे इतकं रुजलंय की त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. पण एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन बघा, स्वतःहून चालत आलेला किती जण सापडतो. कुणाची बायको माहेरची पिशवी भरून बसलेली असते, कुणाच्या मालकाने गाडीची किल्ली काढून घेतलेली असते, कुणाला डॉक्टरने लिव्हरचा रिपोर्ट दाखवलेला असतो. ढकलल्याशिवाय या दारात फारसं कुणी येत नाही. इच्छा बऱ्याचदा आत आल्यावर, आठ-दहा दिवस डोकं स्वच्छ झाल्यावर तयार होते. कोर्टाचा धक्का हा त्यातलाच एक धक्का, फक्त त्याला कागद आणि तारीख असते.

मात्र धक्का आणि कोंडून ठेवणं यांत फरक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे. म्हणजे उपचार संमतीने, आणि संमती देण्याच्या स्थितीत माणूस नसेल तर कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच. हातपाय बांधून केंद्रात टाकणं, साखळीने बांधणं, मारहाण करणं हे कुठल्याही कायद्यात बसत नाही. 'गॅरंटीने दारू सोडवतो' म्हणणाऱ्या केंद्रात भरती करण्याआधी नोंदणी आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पाय मागे घ्या.

आणि एक गोष्ट कोर्टालाही आणि घरच्यांनाही नीट समजायला हवी. रोज पिणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" असा हुकूम देणं हे ऐकायला चांगलं वाटतं, पण ते जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं दारूला सरावलेलं शरीर ती अचानक बंद झाली की बंड करतं. पहिल्या दिवशी घाम, थरथर, झोप नाही. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही जण भ्रमिष्टासारखे बरळू लागतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. वेळेत उपचार नाही मिळाले तर यात माणूस दगावतो. कोठडीत दोन दिवस टाकलेल्या पिणाऱ्याच्या बाबतीत हाच धोका असतो, आणि बाहेरच्यांना वाटतं नाटक करतोय. डॉक्टर या काळात शांत करणारी औषधं मोजून देतात आणि ती टप्प्याटप्प्याने बंद करतात. जोडीला बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारू पोटात गेलेली असते. ही पहिली आठवडाभराची पायरी. ती उपचाराची सुरुवात आहे, पण बरेच जण तिलाच उपचार समजून घरी परत येतात.

पुढची पायरी लांब असते: समुपदेशन, घरच्यांबरोबर बैठका, ओढ कमी करणारी औषधं, 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा, आणि पहिल्या वर्षात एखाद-दोनदा पाय घसरणं. घसरला म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. देखरेख असेल तर ते लवकर कळतं, एवढंच.

जाता जाता: एसटी स्टँडच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच द्यायचं असतं. चहातून गुपचूप दिलं आणि तो वर प्यायला, तर चेहरा लालबुंद, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. हृदय कमकुवत असेल तर जीव जातो. ते पाकीट घरात आलंच असेल तर फेकून द्या.

मग आपल्या कोर्टात काय करता येतं?

मोटार वाहन कायद्यात '१८५ च्या आरोपीला उपचाराला पाठवा' असं थेट कलम नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एक छोटी फट उघडली: निलंबित लायसन्स परत मिळण्याआधी ड्रायव्हरने उजळणी प्रशिक्षण पूर्ण करायचं. पण तो मुळात गाडी नीट चालवण्याचा वर्ग आहे. ट्रॅक्टरवाल्याला क्लच-ब्रेक तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो.

खरी वाट एका जुन्या कायद्यात आहे. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८. याच्या कलम ४ खाली कोर्ट दोषी ठरवलेल्या माणसाला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि गरज वाटली तर किमान वर्षभर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. या देखरेखीच्या बंधपत्रात कोणत्या अटी घालता येतात, ते कायद्याने स्वतः सांगितलंय: राहण्याचं ठिकाण, मादक पदार्थांपासून दूर राहणं, आणि त्याच गुन्ह्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी कोर्टाला योग्य वाटेल ती इतर कोणतीही बाब. 'मादक पदार्थांपासून दूर राहणं' हे शब्द १९५८ पासून तिथे आहेत. त्या 'इतर कोणत्याही बाबी'त समुपदेशन आणि उपचार बसवता येतात. अट मोडली तर कोर्ट पुन्हा बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. किंवा अट पहिल्यांदाच मोडली असेल तर फक्त दंड, आणि त्याची कमाल मर्यादा कायद्यात आजही ५० रुपये लिहिलेली आहे. अठ्ठावन्न सालचे पन्नास रुपये.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. हा हक्क नाही, कोर्टाचा विवेक आहे. आणि अपघातात कुणी मेलं असेल तर या वाटेने जायची आशा धरू नये. निष्काळजीपणे गाडी चालवून जीव घेणाऱ्याला परिवीक्षेचा फायदा देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात स्पष्ट म्हटलंय. मी जे सांगतोय ते नाकाबंदीत सापडलेल्या, कुणाला इजा न केलेल्या माणसाबद्दल.

हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी दुसरीच वाट काढली. पिऊन सापडलेल्याने कोर्टात जाण्याआधी त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात समुपदेशनाला बसायचं, आणि एकट्याने नाही, घरच्या कुणाला तरी घेऊन. बापाने किंवा बायकोने शेजारी बसून ऐकणं हा त्यातला खरा भाग आहे, असं मला वाटतं. यात ट्रॅक्टरवाला वेगळा काढला जात नाही, पण काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

पुण्याचं कल्याणीनगरचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, मे २०२४ मधलं. पोर्शे गाडी, दोन तरुण जीव गेले, आणि अल्पवयीन आरोपीला बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. तो निबंध चावडीवर, सलूनमध्ये, व्हॉट्सॲपवर सगळीकडे गाजला, आणि योग्यच गाजला. पण त्याच आदेशात दारू सोडण्यासाठी डॉक्टरांकडे उपचार आणि समुपदेशन घ्यायची अटही होती. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. दोन माणसं मेलेल्या प्रकरणात पंधरा तासांत घातलेली ती अट लोकांना सवलत वाटली, यात नवल नाही. त्याचा तोटा असा झाला की आता साध्या नाकाबंदीच्या केसमध्येही 'उपचार' म्हटलं की समोरच्याला सुटकेची पळवाट ऐकू येते. उपचाराची अट नीट घातली तर ती १०,००० रुपये भरण्यापेक्षा जड असते. वर्षभर दर आठवड्याला हजेरी, मशीनमध्ये फुंकणं, अधिकाऱ्याची भेट. पैसे भरून मोकळं होणं त्याहून कितीतरी सोपं.

आणि जड म्हणजे खरोखर जड. लायसन्स निलंबित झालेला पाटण खोऱ्यातला माणूस दर मंगळवारी साताऱ्याला यायचा कसा? एसटीने. म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. गळीत हंगामात मुकादम तेवढी सुट्टी देत नाही. योजना आखणाऱ्यांनी याचा विचार केला नाही तर तिसऱ्या आठवड्यात हजेरी बंद होते आणि मग 'याची इच्छाच नव्हती' असं म्हणायला सगळे मोकळे. कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव अशा तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून दोनदा बैठक झाली तरी बरंच जमेल.

तुमच्या घरात अशी केस चालू असेल तर निकालाची वाट बघत बसू नका. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांतल्या जवळच्या ठिकाणी मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवून घ्या. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची. दोन्ही मोफत.

उपचार सुरू झाल्यावर केसपेपर, हजेरीच्या तारखा, डॉक्टरांचं पत्र हे सगळं वकिलाकडे द्या आणि परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली अर्ज करायला सांगा. कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतं. तो अधिकारी घरी येईल, शेजाऱ्यांना विचारेल, तेव्हा लपवाछपवी करू नका, कारण त्याला बायकोकडूनच खरं कळणार असतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. मूळ कागद मात्र स्वतःकडे ठेवा आणि कोर्टात झेरॉक्स द्या. केसपेपर एकदा फाइलला लागला की पुढच्या ओपीडीला तो मागायला पुन्हा अर्ज करावा लागतो.